मोठ्यानं बोला, डावा कान बंद आहे

आमच्या औषधाच्या दुकानात बोटांची पद्धत मी सुरू केली आणि सात महिने त्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवायला लागलो की तुम्हाला माझाही विसर पडायला नको.

पद्धत सोपी होती. काउंटरच्या काचेखाली, कोपऱ्यात, मी एक कार्ड सरकवलं होतं. त्यावर पाच आकडे. एक म्हणजे पॅड, दोन म्हणजे कंडोम, तीन म्हणजे दिवस गेलेत का ते घरी तपासायची पट्टी, चार म्हणजे गोळी आणि पाच म्हणजे खाजेचं मलम. हे असं सरळ लिहायला मी काय अडाणी होतो? माझ्याकडे औषधशास्त्राचा डिप्लोमा आहे. मी चित्रं काढली. एकापुढे ढग, दोनापुढे छत्री, तिनापुढे मोजपट्टी. चारापुढे चंद्र, कारण गोळी गोल असते आणि विषय रात्रीचा. पाचापुढे काय काढावं सुचेना, म्हणून झाडाचं पान काढलं.

गिऱ्हाईक यायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं आणि छातीशी धरून बोटं दाखवायचं. मी वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायचो, काळ्या पिशवीत घालायचो आणि दोघंही छताच्या पंख्याकडे बघत व्यवहार पुरा करायचो. तोंडातून अवाक्षर नाही. पाच नंबरवाले तर पंजा उगारून असे उभे राहायचे, की आशीर्वाद देऊनच जातात की काय असं वाटायचं. खोकी मोठी असली तर मी तीही काढून टाकायचो, आतल्या माहितीच्या कागदासकट. नुसती पट्टी दिली की मुठीत मावते. लोक खूश होते. खप वाढला होता. मीही खूश होतो.

हा सगळा उद्योग दुपारी दोन ते पाच चालायचा, कारण तेव्हा बाई जेवायला आणि पाठ टेकायला घरी जायच्या. त्या परत यायच्या आत कार्ड माझ्या खिशात.

बाई म्हणजे आमच्या दुकानाच्या फार्मासिस्ट. दुकान त्यांचं, परवाना त्यांचा, जागा मात्र एकतीस वर्षं भाड्याची. वय चौसष्ट, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली, पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकच चालणारं. गल्ली त्यांना पाठीमागे भोंगा म्हणायची. लहानपणी कान फुटून त्यांचा डावा कान गेला होता, आणि काउंटरमागचं त्यांचं स्टूल असं होतं की नेमका तोच कान गिऱ्हाइकाकडे यायचा. माणूस जरा हळू बोलला की दुकानातून आवाज यायचा, "मोठ्यानं बोला! डावा कान बंद आहे!" हा आवाज समोरच्या घड्याळजीच्या दुकानातून आरपार जाऊन मागच्या भिंतीवर आपटायचा.

आता मला सांगा, नवीन लग्न झालेला माणूस, पहिल्यांदाच कंडोम घ्यायला आलेला, तो मोठ्यानं काय बोलणार? तो दोनदा ओठ हलवायचा, घाम पुसायचा आणि तिसऱ्यांदा ठणठणीत आवाजात म्हणायचा, "खोकल्याच्या गोळ्या द्या." आमच्याकडे खोकल्याच्या गोळ्यांचा जेवढा खप होता तेवढा खोकला अख्ख्या वस्तीत नव्हता. अशा लोकांची मला दया आली आणि मी त्यांच्यासाठी बोटं शोधली. हेतू चांगला होता. शाळेत आमच्या सरांचाही हेतू चांगलाच होता. प्रजननाचा धडा आला तेव्हा ते म्हणाले, "हा घरी वाचा," आणि पुढचं पान उलटलं. घरी आईनं पुस्तक बघितलं आणि म्हणाली, "हा शाळेत वाच." तो धडा मी पुढे डिप्लोम्यासाठी पाठ केला, पण पाठ करणं वेगळं आणि कुणाच्या तोंडाकडे बघून बोलणं वेगळं.

दर शनिवारी अडीच वाजता चार बोटं दाखवायला एक ताई यायच्या. मागच्या गल्लीत शर्टांचा शिवणकारखाना होता, तिथे त्या काज करायच्या, म्हणून सगळे त्यांना काजवाली म्हणायचे. केसात कायम दोऱ्याचे तुकडे, बोटांना सुईच्या टोकांनी पडलेले बारीक काळे ठिपके. त्यांना बोटं दाखवायलाही फुरसत नसायची. दारातूनच चार दाखवायच्या, पिशवी घ्यायच्या आणि पळायच्या. सात महिन्यांत आमच्यात एक शब्द झाला नाही. मला वाटायचं, व्यवहार असावा तर असा.

मग एका शनिवारी त्या अडीचला आल्याच नाहीत. संध्याकाळी सहाला आल्या. काउंटरवर बाई होत्या, मी शिडीवर. ताईंनी जेवणाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि काचेवर उपडा केला. आत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, एकावर एक नीट रचून रबर लावलेल्या.

"भाऊ, मोजा," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एकोणतीस आहेत. एक शनिवार चुकवलेला नाही मी. तापात होते तेव्हासुद्धा घेतली. मग राहिलं कसं?"

"काय राहिलं?" बाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला, डावा कान बंद आहे."

माझ्या त्या दुकानातल्या दीड वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या नाहीत. ताईंनी दोन्ही हात काचेवर ठेवले आणि दारातल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "दिवस गेलेत मला, बाई! दोन मुलं आहेत, तिसरं नको म्हणून आठवड्याची गोळी नेमानं घेतली. गोळीत दोष आहे का माझ्यात?"

बाईंनी एक पट्टी उचलून उजेडाकडे धरली. मग माझ्याकडे बघितलं. शिडीवरून उतरायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"ही आठवड्याची आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"शेजारच्या मशीनवालीनं. चार नंबर घे म्हणाली, काही होत नाही. आणि भाऊ काही बोललेच नाहीत, म्हणजे बरोबरच असणार." मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला आणि परत वर नेला. "आता त्यातल्याच दोन एकदम घेतल्या तर निघून जाईल ना?"

हा प्रश्न मला होता. मी डिप्लोमावाला. माझ्या तोंडून आलं, "हं... म्हणजे तसं ते... त्याचं असं असतं की..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल पुढे ओढून ताईंना बसवलं आणि त्यांच्यासमोर तीन वस्तू मांडल्या. कोटाचं एक बटण, एक पेन आणि माझ्या खिशातून डोकावणारं ते कार्ड.

"हे बटण म्हणजे रोजची गर्भनिरोधक गोळी. रोज घ्यायची, डॉक्टरांना विचारून सुरू करायची. हे पेन म्हणजे तुम्ही घेतलीत ती, तातडीची गोळी. कधी चुकून काही झालं, निरोध फाटला, तर त्यानंतर लवकरात लवकर, तीन दिवसांच्या आत घ्यायची. ती बाईचं बीज बाहेर पडणं लांबवते, एवढंच करते. ती नेमानं घ्यायची वस्तूच नाही; तशी घेतली की पाळीचा घोळ होतो आणि पोट राहायचं ते राहतंच. आणि एकदा गर्भ राहिला की तिचं काम संपलं, दोन घ्या नाहीतर वीस. गर्भपाताची औषधं तिसरीच. ती डॉक्टरांनी तपासून, किती दिवस झालेत ते बघून द्यायची. तीन वेगळ्या गोष्टी आहेत या." मग त्यांनी कार्ड उलटून बघितलं. "आणि या गाढवानं तिन्ही मिळून एक चंद्र काढलाय."

त्यांनी कोट काढला, शटर अर्धं ओढलं आणि ताईंना हाताला धरून बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे काय ठरलं, पुढे काय झालं, ते मला माहीत आहे. पण ते ताईंचं आहे. इथे लिहायचं नाही.

बाई आठ वाजता परत आल्या. मला वाटलं, माझी नोकरी गेली. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी उरलेल्या काळ्या पिशव्यांचा गठ्ठा समोर ओढला आणि तो कात्रीनं उभा कापत कापत बोलायला लागल्या.

"विसाव्या वर्षी माझं लग्न झालं. वर्षाच्या आत मला पांढरं जायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, सगळ्या बायकांना जातं. खोटं नव्हत्या बोलत. थोडंफार जातंच, तो काही आजार नाही. पण माझ्या अंगावरून जायचं त्याला वास होता, रंग होता, खाली आग व्हायची. नवऱ्याकडून लागण आली होती. त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता, म्हणून तो म्हणायचा, मला कुठे रोग आहे? लागण असायला रोग दिसावा लागत नाही, हे ना त्याला ठाऊक ना मला. मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर पुरुष, बरोबर सासरे. मी म्हणाले, पोट दुखतं. त्यांनी पोटाची औषधं दिली. दोन वर्षं मी पोटाची औषधं खाल्ली, डिप्लोमा. दोन वर्षं! दहा दिवसांच्या औषधाचं काम होतं. तोवर आतल्या नळ्या बंद झाल्या."

त्या मला डिप्लोमाच म्हणायच्या. कात्री थांबली नाही.

"मला एक शब्द आला असता तोंडातून, तर आज एखादा मुलगा असता. तुझ्याइतकाच गाढव असता, पण असता."

नवऱ्याशी त्यांनी पुढे छत्तीस वर्षं संसार केला. तो पाच वर्षांपूर्वी गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या औषधशास्त्र शिकायला गेल्या, वर्गात सर्वांत मोठ्या. ज्या शब्दासाठी दोन वर्षं गेली तो पुस्तकात छापलेला बघितला तेव्हा, त्या म्हणाल्या, पहिल्या बाकावर बसून त्यांनी तो मोठ्यानं वाचला होता. सगळा वर्ग हसला. त्यांनी परत वाचला.

सोमवारी सकाळी दुकानाबाहेर एक फळा आला. बंद पडलेल्या शाळेचा, भंगारातून आणलेला, एका कोपऱ्यात अजून कुणाचा तरी भागाकार उरलेला. त्यावर बाईंच्या अक्षरात:

"तातडीची गोळी. संबंधानंतर तीन दिवसांच्या आत, जेवढी लवकर तेवढी बरी. दर आठवड्याला घ्यायची नाही. पोट राहिलं असेल तर ही काही करत नाही. रोगाची लागण थांबवत नाही. ते काम कंडोमचं. कळलं नसेल तर आत या आणि मोठ्यानं विचारा."

आत दुसरा हुकूम निघाला. कागदात गुंडाळणं बंद, पिशवी बंद. सर्दीचं औषध जसं देतो तसंच सगळं द्यायचं. आणि मी कुठल्याही वस्तूला "ते", "तसलं" किंवा "तुमचं नेहमीचं" म्हणालो, की दारात उभं राहून त्या दिवसाचा फळा मोठ्यानं वाचायचा. पहिल्या आठवड्यात मी तो चौदा वेळा वाचला. समोरचा घड्याळजी म्हणाला, बातम्या लागल्या.

हा घड्याळजी म्हणजे डोळ्याला भिंग लावून बसणारा, सत्तरीचा, गल्लीतला सर्वांत चावट माणूस. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर नसबंदी आली तसा तो भिंग कपाळावर सरकवून रस्ता ओलांडून आला.

"बाई, खरं सांगा. नसबंदी केली की माणसाचा बैल होतो ना?"

"बैलाचं अंडं ठेचतात, काका. माणसाचं कुणी काही काढत नाही की ठेचत नाही. बीज वाहून नेणारी बारीक नळी असते, तेवढी बांधतात. बाकी सगळं जिथल्या तिथे."

"आणि जोर?"

"आधी होता का?"

रस्त्यावरचे चार जण हसले, त्यात सर्वांत मोठ्यानं घड्याळजी. पण नंतर तो आत येऊन उजव्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, थट्टा सोडा, माझ्या जावयाला सांगायचंय, नीट लिहून द्या. बाईंनी लिहून दिलं.

असे आठवडे गेले. मूल न होणं वेगळं आणि संबंध न जमणं वेगळं, आणि दोन्हींत बायकोला दोष द्यायच्या आधी नवऱ्यानं तपासून घ्यायचं, हा फळा दोन वेळा कुणीतरी पुसला. बाईंनी तिसऱ्यांदा लिहिला, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. शरीरात विषाणू असणं म्हणजे एचआयव्ही आणि त्यानं शरीराची ताकद पार ढासळणं म्हणजे एड्स. वेळेवर औषधं घेतली तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायची गरजच नाही, हे लिहिलं त्या दिवशी एक माणूस अर्धा तास फळ्यासमोर उभा होता. आत आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. खोकल्याच्या गोळ्यांचा खप पडला.

मग मालक आले. आमच्या ओळीतल्या सातही दुकानांची जागा त्यांची. कोपऱ्यावर त्यांचं रंगांचं मोठं दुकान. त्या दिवशी फळ्यावर होतं, "पांढरं जाणं: कधी काळजी करायची आणि कधी नाही."

"बाई, हे काय चालवलंय? रस्त्यानं बायका-मुली जातात."

"म्हणून तर मोठ्या अक्षरात लिहिलंय."

"आमच्या घरच्या मुलींनी हे वाचायचं?"

"होतं त्यांनाही, मालक. वाचलं तर डॉक्टरकडे कधी जायचं तेवढं कळेल."

"एकतीस वर्षं तुम्ही मान खाली घालून धंदा केलात. मला कौतुक होतं त्याचं."

"मान खाली नव्हती, पावती लिहीत होते."

मालक लाल झाले, आणि रंगाच्या धंद्यात असूनही तो रंग त्यांना लपवता आला नाही. जागेचा करार महिनाअखेरीला संपत होता. फळा गेला तर करार पुढे, नाहीतर किल्ली परत. रविवारी सगळ्या भाडेकरूंना त्यांनी गोदामात बोलावलं, म्हणजे बाईंना चारचौघांत हो म्हणावं लागेल.

रंगाच्या डब्यांच्या मधे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वासानं डोकं चढलं होतं. मी बाईंच्या डाव्या बाजूला बसलो. एकतीस वर्षांचं दुकान. लाकडी खणांवर त्यांनी स्वतः चिकटवलेल्या चिठ्ठ्या, औषधांचा फ्रिज, नवऱ्यानं ठोकलेली शिडी. चौसष्टाव्या वर्षी हे सगळं उचलून जाणार कुठे? रस्त्याला लागून दुसरी जागा कुठे रिकामी होती? मी दोन दिवस फिरलो होतो. नव्हती.

भाडेकरू एकेक करून बोलले. कुणी म्हणालं, विषय चांगला आहे पण जागा चुकली. कुणी म्हणालं, जागा चांगली आहे पण विषय चुकला. घड्याळजीसुद्धा चुळबुळ करत म्हणाला, "बाई, फळा आतल्या भिंतीला लावा की. कोण बघतंय?"

"कुणी बघू नये म्हणून लावायचा तर फळा कशाला हवा काका, नुसती भिंत काय वाईट आहे?"

"म्हणजे काढणार नाही?" मालकांनी विचारलं.

"नाही."

तेव्हा माझं डोकं फिरलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती. बोटांच्या त्या सात महिन्यांत, दुपारी बाई घरी असताना, मालकही माझ्या काउंटरवर यायचे. बोटं दाखवायचे. एकदा नाही, नेमानं यायचे. किती बोटं दाखवायचे ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. मी उभा राहिलो.

"मालक, दुपारी अडीच ते तीनच्या मधे माझ्या काउंटरवर तुम्ही..."

मालकांच्या चेहऱ्यावर कुणीतरी पांढऱ्या प्रायमरचा हात मारावा तसं झालं. सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. आणि बाईंनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"बस खाली."

"पण बाई, दुकान जाईल..."

"दुकान माझं आहे. बस."

मी बसलो. बाई उठल्या.

"हा काय सांगणार होता ते मला माहीत नाही, आणि मला ऐकायचंही नाही. बंद कानाच्या बाजूला बसलाय तो, चांगलं झालं. मालक, मी फळ्यावर शब्द लिहिते. माणूस लिहीत नाही. माझ्याकडून कुणी काय नेलं हे या गल्लीला एकतीस वर्षांत कळलं नाही आणि पुढेही कळणार नाही. तुम्ही मला बाहेर काढलंत तरी तुमचंही नाही कळणार. आणि फळा निघणार नाही. दोन्ही ऐकलंत ना? मोठ्यानंच बोललेय."

एक क्षणभर मला वाटलं, मालक विरघळतील. कथांमधे विरघळतात. मालकांनी शेजारच्या डब्याचं झाकण नखानं खरवडलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "महिनाअखेरीला किल्ली आणून द्या."

बाहेर आल्यावर मी तडतडत होतो. "एक वाक्य, बाई! एक वाक्य पुरं करू दिलं असतंत तर आत्ता दुकान आपलं होतं."

"आणि उद्या माझ्या काउंटरवर कोण आलं असतं? बाईंकडे तोंड उघडलं की पुढे भर सभेत आपलं नाव, हेच शिकले असते लोक. बोटंसुद्धा दाखवली नसती कुणी. मालक फळा काढा म्हणत होते, तू तर तो जिभेनं चाटून पुसणार होतास." चार पावलं चालून त्या परत थांबल्या. "आणि तू ठेवायचंस ते लक्षात, बोटं कुणी किती दाखवली? विसर."

मी विसरलो नाही. पण किती बोटं, ते तुम्हालाही सांगणार नाही. बाई हे वाचतील.

जागा मिळाली ती काजवालीताईंमुळे. कारखान्याची जुनी इस्त्रीची खोली रिकामी पडली होती, मागच्या गल्लीत उघडणारी. दार कारखान्याच्या आतून, रस्त्याकडे फक्त एक रुंद खिडकी. ताईंनी कारखान्याच्या मालकिणीला गाठलं आणि तिच्याकडून हो म्हणवून घेतलं. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. नव्या जागेची तपासणी होऊन परवाना येईपर्यंत तीन आठवडे दुकान बंद राहिलं. त्या काळात लोक आम्हाला रस्त्यात थांबवून विचारायचे, आणि बाई रस्त्यातच उत्तरं द्यायच्या. भाजी घेता घेता त्यांनी एका पोरसवद्या नवऱ्याला कंडोमची तारीख कुठे छापलेली असते ते सांगितलं. भाजीवालीनंही ऐकून घेतलं.

सामान हलवलं जेवणाच्या सुट्टीत. कारखान्यातल्या अकरा जणी आल्या आणि खण डोक्यावर घेऊन मुख्य रस्त्यानं निघाल्या. मागच्या बोळातून जवळ पडलं असतं. बाई म्हणाल्या, रस्त्यानंच जायचं. सर्वांत पुढे फळा, तो मी आणि घड्याळजीनं धरलेला, कारण घड्याळजीला गोदामातलं आपलं वाक्य टोचत होतं. फळ्यावर लिहिलं होतं, "दुकान मागच्या गल्लीत. फळाही तिथेच. मोठ्यानं विचारा." रंगाच्या दुकानावरून जाताना बाई थांबल्या, आत गेल्या, मालकांच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाल्या, "झाडून दिलंय." बाहेर आल्या.

नव्या खोलीत मी खिडकीला काउंटर ठोकलं. उजव्या हाताला ऐसपैस जागा होती. मी म्हणालो, "बाई, स्टूल इकडे ठेवू. चांगला कान गिऱ्हाइकाकडे येईल, कुणी हळू बोललं तरी ऐकू येईल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, स्टूल उचललं आणि उलट्या बाजूला ठेवून डावा कान खिडकीकडे करून बसल्या.

एकतीस वर्षं मी, म्हणजे मी नाही, अख्खी गल्ली समजत होती की जुन्या दुकानाचं काउंटरच तसं होतं.

धंदा आता निम्म्यावर आलाय. आडगल्ली आहे, येणारे ठरवून येतात. जुन्या जागेत रंगाचे डबे आहेत. मालक औषधांसाठी लांबच्या दुकानात जातात, तिथे अजून काळी पिशवी मिळते, असं घड्याळजी सांगत होता. पुढचं मी ऐकलं नाही; मलाही आता एक कान बंद ठेवायला जमतंय.

एक बाकी तेवढी राहिली आहे. सामान हलवलं त्या दिवशी शेवटचा खण उतरवून ताई घाम पुसत उभ्या होत्या. मी म्हणालो, "ताई, त्या चार नंबरचं... म्हणजे तातडीच्या गोळीचं. मी एक शब्द बोललो असतो तर हे झालं नसतं. मला माफ करा."

त्यांनी केसातला दोरा काढला, बोटाला गुंडाळला. "माफी घेऊन काय करू भाऊ, काज करू तिला? माझी मुलगी दहाची आहे. दोन-तीन वर्षांत ती या खिडकीवर येईल. काय विचारायला येईल ते मला नाही माहीत. जे विचारेल ते तिच्याकडे बघून, नाव घेऊन, पंख्याकडे न बघता सांग. त्या दिवशी फिटलं. तोवर तुझ्याकडे बाकी."

त्याला वर्ष झालं. मुलगी आता अकराची आहे, कारखान्यात आईला डबा द्यायला येते. गेल्या आठवड्यात बाई दवाखान्यात गेल्या होत्या, खिडकीवर मी होतो. फळ्यावर "पाळी: पहिल्यांदा येते तेव्हा" असं होतं. ती आली. फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली, ओठ हलवत सगळा वाचला. मग खिडकीशी येऊन टाचा उंचावल्या. मी ताठ बसलो. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. वर पंखा गरगरत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"बोल," मी म्हणालो. "काय हवंय?"

तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"खोकल्याच्या गोळ्या," ती म्हणाली.

तिला खोकला नव्हता.